चार प्रस्थानं

विद्याधर तळपदेने सुईत दोरा ओवला आणि जयवंतच्या स्वेटरच्या आत, मानेपाशी, कापडाची पट्टी टाचायला घेतली. पट्टीवर पक्क्या शाईने लिहिलेलं होतं : ‘जयवंत वि. तळपदे, बोरिवली, मुंबई. वय वर्षे १४. आढळल्यास जवळच्या स्टेशनमास्तरकडे द्यावे.’

समोर सतरंजीवर दोन्ही मुलं बसली होती. जयवंत आणि त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी शुभा.

“समजा, दिल्लीच्या स्टेशनात उतरलात. तोबा गर्दी. मागे वळून बघता तर मी नाही, आई नाही. काय कराल?”

“हाका मारू,” जयवंत म्हणाला.

“ऐकू आल्या नाहीत.”

“मग स्वेटर काढून स्टेशनमास्तरला देऊ. ‘द्यावे’ असंच लिहिलंय ना वर?”

शुभाने हसू लपवायला मान खाली घातली आणि परकराच्या काठाशी चाळा करत राहिली.

“चेष्टा नाही ही,” विद्याधर म्हणाला खरा, पण त्याला मनातून बरं वाटत होतं. मुलं कुरकुर करत नव्हती. कधी निघायचं, काय काय बघायचं असं विचारून त्यांनी भंडावून सोडलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी याच सतरंजीवर दोघांनी कुतुबमिनार आधी की ताजमहाल आधी यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या. पोरं शहाणी झाली, असं त्याने समाधानाने मनात म्हटलं आणि दोरा दाताने तोडला.

विद्याधर भित्रा होता असं कुणी म्हटलं तर ते अर्धंच खरं. स्वतःपुरतं त्याला कशाचं भय नव्हतं. रोज सकाळी तो बोरिवलीहून फोर्टात जाई, संध्याकाळी परत येई, आणि वाटेत आपलं काही होईल हे त्याच्या डोक्यातही येत नसे. पण फोर्टातल्या एका विमा कंपनीत अपघातांच्या फायली बघायला बसून त्याला अठरा वर्षं झाली होती. जिन्यावरून घसरलेले, टांग्याच्या चाकात पदर अडकलेल्या, फलाटाच्या आणि गाडीच्या मध्ये सापडलेले असे सगळे त्याच्या टेबलावरून जात. किती वाजता, कुणी पाहिलं, कुठे लागलं, हे त्याने नीट विचारून लिहून घ्यायचं. जगात हजारो माणसं रोज सुखरूप घरी पोचतात, पण त्यांची फाईल कधी कुणी उघडत नाही. त्यामुळे ती गोष्ट विद्याधरच्या पाहण्यातच आली नव्हती.

दिल्लीची सहल त्याने स्वतःच काढली होती. चोपन्न साली, शुभा तेरा वर्षांची आणि जयवंत अकरा वर्षांचा असताना, जेवता जेवता तो सहज म्हणाला होता की दिवाळीनंतर सगळे दिल्लीला जाऊ. दुसऱ्या दिवशी त्याने एक वही घातली. वहीत गाड्या होत्या, धर्मशाळा होत्या, पाणी उकळून घेण्याची सोय कुठे कुठे होईल ते होतं. बोरिवलीहून उत्तरेला जायचं तर आधी दक्षिणेला बाँबे सेंट्रलला उतरायचं, तिथे मेल पकडायची, आणि तासाभराने तीच मेल आपल्याच घरावरून न थांबता पुढे जायची, या गोष्टीवर त्याने दोन पानं खर्ची घातली होती. त्या साली शुभाचा घसा सुजला आणि जाणं राहिलं. पंचावन्न साली मुंबईत आंदोलन पेटलं, गोळीबार झाला. घरातून कुणी बाहेर पडू नये, एवढंच त्याला त्या महिन्यात सुचत होतं. छप्पन्न साली मद्रासकडे पूल वाहून गेला आणि आख्खी गाडी नदीत गेली. ती बातमी त्याने मोठ्याने वाचून दाखवली आणि वही मिटली.

यंदा मात्र त्याने मनाशी घट्ट ठरवलं होतं. शुभा मॅट्रिकला होती. पुढच्या वर्षी कॉलेज, मग तिच्या लग्नाचं बघायचं. चौघांनी मिळून कुठे जायचं असेल तर ते आता, नाहीतर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. जागा मिळाल्या त्या भाऊबीजेनंतरच्या मंगळवारच्या. त्याने त्या घेतल्या.

शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस होतं. साडेबाराला, निघायची तयारी करताना, शिपायाने एक फाईल आणून ठेवली. विद्याधरला ती सोमवारवर टाकता आली असती. पण सवय ती सवय. त्याने फीत सोडली.

मोठ्या शहरातलं मोठं स्टेशन. दिल्ली नव्हे, दुसरंच. कुटुंब सुट्टीला निघालेलं. मुलगा पाणी आणायला उतरला आणि गाडी हलली. तो धावत आला, त्याने दांडा धरला आणि हात सुटला. बाप डब्याच्या दारात उभा होता. साक्षीदार म्हणून सही त्याचीच होती.

‘वय’ असं लिहिलेल्या रकान्यात चौदा लिहिलं होतं.

विद्याधरने फाईल मिटली, फीत बांधली. गाठ दोनदा चुकली. बोरिवलीला उतरेपर्यंत त्याचं ठरून गेलं होतं, आणि ठरल्यावर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला हलकं वाटलं. ते हलकं वाटणंही त्याच्या ओळखीचं होतं. गेली तीन वर्षं ते याच सुमाराला यायचं.

घरी कुंदा पितळी डब्यात प्रवासासाठी कडबोळी भरत होती.

“कुंदा,” तो चपला न काढताच दारातून म्हणाला, “या खेपेला राहू दे. पुढच्या वर्षी बघू.”

तिचा हात डब्यात थांबला. फाईलबद्दल सांगायचं त्याने वाटेतच जुळवून ठेवलं होतं, पण तिने काही विचारलंच नाही.

“बरं,” ती म्हणाली. मग जरा वेळाने, डब्याचं झाकण लावत, “तर मग सेराफिनाबाईंकडून प्रस्थान तेवढं घेऊन या.”

“कसलं प्रस्थान?”

“मंगळवारी उत्तरेला जायचं नसतं. म्हणून काल, भाऊबीजेलाच, ठेवून आले.”

“आपल्याकडे कुणी करत नाही हे असलं.”

“माझ्या माहेरी करतात.”

रीत अशी होती की निघायचा दिवस वाईट असला तर आधीच्या चांगल्या दिवशी एक पुरचुंडी बांधायची. तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि जाणाऱ्या प्रत्येकाची वापरातली एकेक वस्तू. जायच्या दिशेला जे घर असेल तिथे ती नेऊन ठेवायची. म्हणजे शास्त्रापुरते तुम्ही त्याच दिवशी निघालात. पाच दिवसांच्या आत पुरचुंडी उचलायची आणि पुढे जायचं, मग वाराचा दोष लागत नाही.

“अगं, पण ख्रिस्तावांच्या घरी?”

“आपल्या उत्तरेला तेवढंच घर आहे. पुढे सगळी भातशेती.” तिने डबा फळीवर सरकवला. “तुम्हीच जा. मला दर वेळी तोंड दाखवायची लाज वाटते.”

“दर वेळी म्हणजे?”

कुंदाने कढई उचलली आणि ती मोरीवर निघून गेली.

सेराफिनाबाईंचं घर हाकेच्या अंतरावर होतं. कौलारू, बुटकं, दारावर लाकडी क्रूस, आणि पुढच्या अंगणात नवं भात पसरलेलं. बाई पायाने भात सारखं करत होत्या. विद्याधरला पाहून त्यांनी पदर सावरला.

“भाऊ, तुमी? वयनी नाय आल्या?”

“ती कामात आहे. ते... प्रस्थान न्यायला आलो.”

“आज? मंगळवारी ना जायचं?”

“नाही. म्हणजे राहिलंय जाणं.”

सेराफिनाबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. त्या बोलायला तिखट होत्या, गावात सगळ्यांना माहीत होतं. पण त्या काही न बोलता आत गेल्या आणि त्यामुळेच विद्याधरला जास्त अवघडल्यासारखं झालं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि झाकण उघडलं.

आत चार पुरचुंड्या होत्या.

“ही औंदाची. ह्या तीन मागच्या,” बाई म्हणाल्या. “वयनी न्यायला आल्याच नाय. मदरच्या मूर्तीच्या पायाशी ठेवल्या मी. तुमचा धरम तुमचा, भाऊ, पन कोन तरी परवासाला निघालेला हाय ना त्यात? असा मधीच कसा फेकून द्यायचा?”

“तीनही वर्षं?”

“मग? दर दिवाळीला येतात. ‘सेराफिनाबाई, या टायमाला नक्की,’ बोलतात. बसा. मी पानी आनते.”

विद्याधर ओट्यावर बसला. सगळ्यांत खालची पुरचुंडी शुभाच्या जुन्या फ्रॉकच्या कापडाची होती; निळी फुलं त्याने लगेच ओळखली. त्याने गाठ सोडली. तांदळाला पोरकिडे लागले होते. तांदळात शुभाची लाल रिबीन होती, नीट गुंडाळलेली. कुंदाची काळी पिन होती. एक शर्टाचं बटण होतं, शिंपल्याचं. आणि काड्यापेटीवरचा एक छाप होता, दोन सोंडांच्या हत्तीचा. जयवंत तेव्हा छाप जमवायचा. या हत्तीसाठी त्याने अकरा साधे छाप आणि एक भोवरा दिला होता, आणि तो घेऊन आला तेव्हा घरभर नाचला होता. पुढे तो छाप दिसेनासा झाला, तेव्हा विद्याधरनेच त्याला वस्तू नीट न ठेवण्यावरून बोल लावला होता. पोराने खाली मान घालून ऐकून घेतलं होतं.

पंचावन्नच्या पुरचुंडीत शुभाचा केसांचा चाप होता, गंज चढलेला. जयवंतच्या पेन्सिलीचं बोटभर थोटूक. पिन. बटण.

छप्पन्नची सोडली तेव्हा आधी त्याला वाटलं की मुलांचं तांदळात खाली गेलं असेल. त्याने बोटांनी चाळून पाहिलं. पिन होती, बटण होतं आणि घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या. एकीवर ‘शुभा’, दुसरीवर ‘जयवंत’. अक्षर कुंदाचं होतं.

यंदाची गाठ नवी होती, घट्ट होती. तिच्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड, पिन आणि बटण. चिठ्ठ्याही नव्हत्या.

विद्याधरने चारही बटणं तळहातावर घेतली. दर दिवाळीला त्याच्या एखाद्या शर्टाचं बटण तुटायचं, आणि हल्ली दोरा कसा कच्चा येतो यावर तो दहा मिनिटं बोलायचा. कुंदा ऐकायची आणि दुसरं बटण लावून द्यायची. त्याने आपण होऊन काही दिलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने त्याला एकदाही मागे ठेवलं नव्हतं. मुलांना मात्र ती ओढून ओढून दोन वर्षं आणू शकली, तिसऱ्या वर्षी नुसती नावं आली, आणि यंदा तिनेही मागणं सोडलं असावं.

त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं. कालपरवा सतरंजीवर बसून ती दोघं इतकी गुणी उत्तरं देत होती, ती शहाणपणाने नव्हे. त्यांच्या लेखी ही वडिलांची दिवाळीतली एक सवय होती. फटाके, फराळ, आणि मग वडील दिल्लीचं बोलतात. त्यांना राग नव्हता, ती वाटही बघत नव्हती. मोठ्या शहरात आपली मुलं हातातून सुटतील म्हणून तो चार वर्षं जिवाचं पाणी करत होता, आणि ती इथे बोरिवलीतच, त्याच्या डोळ्यांदेखत सुटून गेली होती.

सेराफिनाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. विद्याधरने यंदाच्या पुरचुंडीची गाठ पुन्हा बांधली होती.

“ही राहू दे इथे,” तो म्हणाला. “मंगळवारी नेतो.”

“आता तर बोललात, नाय म्हनून.”

“बोललो.”

जुन्या तिन्ही पुरचुंड्या त्याने धोतराच्या ओच्यात घेतल्या आणि तो परत निघाला.

जयवंत घराच्या पायरीवर बॅटीला तेल चोळत बसला होता. विद्याधर त्याच्या शेजारी टेकला. असा तो कधी बसत नसे, म्हणून जयवंतने जरा सरकून जागा दिली आणि संशयाने बघितलं. विद्याधरने छाप काढून त्याच्यापुढे धरला.

“अरे, हा!” जयवंतचा चेहरा उजळला, आणि पुढच्याच क्षणी तो ओशाळला. “कुठे सापडला?”

“तू आईला दिला होतास. प्रस्थानात.”

“हो. ती म्हणाली होती, दिल्लीहून आल्यावर परत मिळेल.”

तो साधंच बोलला. त्याने छाप उलटसुलट करून पाहिला, त्याच्या पाठीवर चिकटलेला तांदळाचा दाणा नखाने काढला आणि छाप परत वडिलांच्या हातात दिला. “आता नाही जमवत मी. तुम्ही ठेवा.”

“आपण मंगळवारी जातोय,” विद्याधर म्हणाला.

“हां.”

“हां काय? तयारी कर.”

जयवंत बॅट चोळत राहिला. तेल कधीच जिरलं होतं.

“बाबा, पुढच्या रविवारी कांदिवलीवाल्यांशी मॅच आहे,” तो अखेर म्हणाला. “मी पहिल्यांदाच टीममध्ये आहे. सेराफिनाबाईंच्या अर्बनला हो म्हणून सांगितलंय मी.”

“पण त्या रविवारी आपण दिल्लीत असणार. तुला ठाऊक होतं की.”

जयवंतला ठाऊक होतं, आणि तरीही त्याने हो म्हटलं होतं. दोघांनाही ते समजलं, आणि दोघंही समोरच्या चिंचेकडे बघत बसले.

“मग सांग त्याला, नाही म्हणून.”

“सांगेन.”

“कधी?”

“गाडीत बसलो की कार्ड टाकेन,” जयवंत म्हणाला. यात चेष्टा नव्हती. आधी नाही म्हणून कळवलं आणि मग जाणंच रद्द झालं तर टीममधली जागाही जायची, एवढा सरळ हिशेब होता.

विद्याधर उठला. “चल. आत्ता जाऊन सांगू.”

“तुम्ही?”

“मी सांगतो.”

दिल्लीबद्दल विद्याधर आजवर घराबाहेर कुणाशी अवाक्षर बोलला नव्हता. ऑफिसात रजेच्या अर्जावर तो ‘घरगुती कारण’ लिहायचा. चार लोकांत सांगितलं की काहीतरी आडवं येतं, असं त्याला वाटे. आणि दुसरं म्हणजे, न सांगितलेलं रद्द करायला सोपं जातं.

सेराफिनाबाईंच्या घरामागे कापणी झालेल्या शेताचा एक तुकडा होता. त्यांचा थोरला मुलगा अर्बन, सतरा-अठरा वर्षांचा, तिथे गुडघ्यावर बसून खेळपट्टीवरचे भाताचे खुंट उपटत होता. तो टीमचा कॅप्टन होता, आणि गेल्या सालापासून गोरेगावला एका कारखान्यात कामाला लागल्यामुळे कॅप्टनपण त्याच्या अंगात चांगलंच मुरलं होतं. दोघांना येताना पाहून तो हात झटकत उभा राहिला.

“काय, भाऊ?”

दुपारचा तो रकाना विद्याधरच्या डोळ्यांपुढे होता, आणि तो मंगळवारीही असणार होता, दिल्लीला पोचेपर्यंत आणि परत येईपर्यंत प्रत्येक स्टेशनात असणार होता.

“अर्बन, जयवंत पुढच्या रविवारी खेळायला नाही,” तो म्हणाला. “आम्ही मंगळवारी दिल्लीला चाललोय.”

अर्बनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो जयवंतकडे वळला.

“नक्की काय रे? बघ हां. तुझ्या जागी मी इसिडोरला घेनार. मग सोमवारी येऊन बोलशील, आमचं जायचं कॅन्सल झालं, तर जागा नाय मिलनार. वर्षभर बाहेर बसशील.”

विद्याधरने तोंड उघडलं. ‘तसं काही आडवं आलं नाही तर’ हे शब्द त्याच्या जिभेवर आलेच होते. कुणालाही कसलाही शब्द देताना ते आपोआप येत. ते ओठांवर येण्याआधी बाजूने आवाज आला.

“नक्की,” जयवंत म्हणाला.

विद्याधरने वळून पाहिलं. पोराचे कान लालबुंद झाले होते. तो अर्बनकडे रोखून बघत होता, आणि बापाकडे त्याने मुद्दामच पाहिलं नाही.